सुनेला भांडायला लावलं तेव्हा

माझी शाळा चौथीपर्यंत. बाकीचं मंडईत, कांद्याबटाट्याच्या गाळ्यावर शिकलो, आणि ते कमी पडलं असं मला कधी वाटलं नाही. म्हणून स्वारगेटजवळच्या त्या हॉलमध्ये थोराड बायका गोल बसून एकमेकींकडे चेंडू फेकताना बघितल्या, तेव्हा माझं डोकंच फिरलं. याला म्हणे लीडरशिप ट्रेनिंग!

मी काही हौसेने गेलो नव्हतो. मुलगा एचआयव्हीने गेला, सुनेच्या रक्तातही तेच निघालं. माहेरच्यांनी दार लावून घेतलं. ती आणि नात माझ्याकडे, बिबवेवाडीत. ते ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेला अशाच बायका हव्या होत्या. हाच आजार असलेल्या दुसऱ्या बायकांच्या घरी जायचं, घरच्यांना समजवायचं, महिन्याला पगार. तिकडे हिंजवडीला काचेच्या इमारतींतल्या कंपन्या उभ्या राहत होत्या, पण हिला तिथे कोण विचारतो? ही नोकरी मिळायलाच हवी होती. अडचण एवढीच, की घरातल्या मोठ्या माणसाने आवाज चढवला की हिची वाचा बसायची. सरावात दरवेळी गप्प. आणि त्या दिवशी निवड, म्हणून मी सोबत गेलो.

शिकवणारी पोरगी कंप्युटरची नोकरी सोडून आलेली, निम्मं इंग्रजी बोलायची. मला म्हणाली, "आजोबा, आमच्याकडे जेन्ट्स नाहीत. तुम्ही सासरे व्हाल?"

"मी सासराच आहे."

"तसं नाही हो, रोल प्लेमध्ये. सुनेचं ताट वेगळं ठेवणारा सासरा."

पारा चढला माझा. आमच्या घरात ताट एक दिवस वेगळं झालं नाही, आणि मी चारचौघींत तसला माणूस व्हायचं? पण सून बघत होती. बसलो खुर्चीत आणि ओरडलो, "हिची भांडी बाहेर ठेवा!"

सुनेने पदर सारखा केला. "बरं, मामा."

बायका फिदीफिदी हसल्या.

"बरं काय? भांड माझ्याशी!"

"हो, मामा."

"अगं, नाही म्हण!"

"तुम्ही म्हणाल तसं, मामा."

आता या बाईला काय करावं? पोरगी घड्याळ बघायला लागली. शेवटी मीच तिच्या बाजूने बोलायला उठलो. "असं म्हण, की एका ताटात जेवून हे लागत नाही. हात लावून लागत नाही. लागतं ते डास चावून—"

"डासाने लागत नाही."

मला वाटलं, दुसरीच कोणी बोलली. बघतो तर सून.

"लागतं. रक्त तोच ओढतो ना?"

"ओढतो, पण माझं रक्त दुसऱ्याच्या अंगात सोडत नाही. डासाच्या पोटात हा विषाणू जगतच नाही, मामा."

"तुला काय कळतंय?"

"मला कळतंय. तुम्हाला सांगायचं धाडस नव्हतं. या डासाच्या भीतीनेच माझी लेक रोज तुमच्या मच्छरदाणीत निजते आणि मी भिंतीकडे एकटी. ताट एक आहे, पण पोर माझ्या कुशीत नाही. आज ती माझ्याजवळ निजेल."

"हे घरी बोलायचं!"

"घरी तुम्ही ऐकून घेतलं असतं? आता बसा खाली. माझं संपलेलं नाही."

बसलो. दुसरं करतो काय? सगळ्यांसमोर तिने मला उभं-आडवं समजावलं, आणि त्या पोरीने एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. तिची निवड झाली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर तिने माझ्यादेखत मच्छरदाणीची दोरी सोडली, सगळं उचललं आणि आपल्या अंथरुणावर नेऊन बांधलं. नात आत शिरली.

"आणि मला डास चावले म्हणजे?" मी विचारलं.

"दुसरी आणा," ती म्हणाली.