गुरुवारी मोजलेली माणसं

करंजवाडीच्या थांब्यावर स्टेशनमास्तर नाही. आहे ती एक खिडकी आणि खिडकीमागे मुमताजभाभी. पस्तीस वर्षांपूर्वी गावानं श्रमदानानं मुरूम टाकून फलाट बांधला, तेव्हा तिकिटं विकायचं काम तिच्या सासऱ्यांना मिळालं. पुढे नवऱ्याला, आणि गेली बारा वर्षं तिला. तिकीट देणं हा त्यातला सोपा भाग. लोकल उशिरा असली की आधी फोन करून रोज या गाडीनं जाणाऱ्या चऱ्होलीच्या नर्सबाईंना सांगायचं, कुणाचा डबा राहिला तर पुढच्या गाडीनं पाठवायचा, हेही तिचंच.

यंदा रेल्वेचं पत्र आलं: सकाळी सहा दहाच्या लोकलला इथं माणसं चढत नाहीत, थांबा बंद करायचा विचार आहे. मोजणीसाठी तनुजा नावाची तरुण अधिकारी पुण्याहून आली. आली ती नेमकी गुरुवारी.

लोकल आली. नऊ जण चढले. तनुजानं नऊ लिहिलं आणि वही मिटली.

मुमताजभाभीनं गयावया केली नाही. खिडकीतून चहाचा कप पुढे करत ती म्हणाली, “मॅडम, पुण्यात सुट्टीचा रविवार असतो. आमच्या पट्ट्यात गुरुवार. आज कंपन्या बंद.”

तनुजा घुटमळली. मोजणीची तारीख वरून ठरून आली होती, ती बदलणं तिच्या हातात नव्हतं.

“तारीख राहू द्या. उद्या या. पन्नासच्या खाली भरले, तर खिडकीची किल्ली मीच तुमच्या हातात देईन.”

ही बाई एवढी ठाम कशी, याचंच तनुजाला नवल वाटलं असावं. शुक्रवारी ती पुन्हा आली.

पावणेसहालाच फलाट भरू लागला. निळे शर्ट, खाकी शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, हातात डबे. “काय भाभी, आज पाहुणी आलीय व्हय?” कुणीतरी विचारलं. ती नुसती हसली आणि तिकिटं देत राहिली. तनुजा फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजत गेली, परत आली, वहीत लिहू लागली.

“किती झाले?”

“एकशे एकसष्ट.”

मुमताजभाभीनं मानही वर केली नाही. “दोन वाढवा. हिंदुराव आणि त्याचा भाऊ यायचे राहिलेत.”

लोकल वळणावर दिसली, तेव्हा बांधावरच्या पायवाटेनं दोघं धावत येत होते. एकाचा बूट हातात होता.

तनुजानं आकडा खोडला, नवा लिहिला. मग शेऱ्याच्या रकान्यात, कुणी न सांगता, एक ओळ जोडली: गुरुवारी मोजू नये.