खुराक म्हंजे काय औषध व्हय?

मी तानाबाई. आमचं मालक हंबीरराव, एकेकाळचं नावाजलेलं पैलवान. आता गुडघं गेलं, दात गेलं, छातीचं ऑपरेशन झालं. रक्त पातळ करायची गोळी रोज मीच द्यायची, पथ्य मीच बघायचं, आणि वर बोलणी पण मीच खायची. जीव नुसता इटून गेलाय बघा.

मधी त्यांच्या अंगावर काळंनिळं डाग उठाय लागलं. इचारलं, "पडला व्हय कुठं?"

"पडायला मी काय नवशिका हाय?"

मग हिरड्यांतनं रक्त. आणि एक दिवस सकाळी नाकाचा घोळणा फुटला, तो थांबंचना. टॉवेल भिजला. रिक्षात घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरीण बाईंनी नाकात बोळा घातला. "आजोबा, आमच्या गोळीशिवाय दुसरं कुठलं औषध घेता?"

"न्हाय!" छाती काढून सांगितलं. मी पण देवाची शपथ घेतली.

तपासायला सदरा काढला, तर खिशातनं हिरव्या कॅप्सूलचं पाकीट खाली पडलं.

"हे काय?"

"ते औषध न्हाय, खुराक हाय. बदाम चावंना झालं. तालमीतली पोरं म्हटली, बदामातलं सत्त्व ह्यात असतंय. व्हिटॅमिन ई."

"रोज किती घेता?"

"खुराक कुणी मोजून खातंय व्हय? मूठभर."

बाईंनी कपाळाला हात लावला. "जास्त झालं तर ह्यानंही रक्त पातळ होतं. त्यात आमची गोळी. हे रक्त नाकातून आलं म्हणून वाचलात, डोक्यात रक्तस्राव झाला असता तर?"

माझा संताप संताप झाला. "अगा माझ्या देवा! मी हितं तुमच्यासाठी झिजून मरतोय, आणि तुम्ही चोरून हे गिळताय?"

ते खाली बघून म्हणालं, "खुराकच बंद झाला तर तालमीच्या कट्ट्यावर कुठल्या तोंडानं बसू? मग पैलवान कसला?" आणि रडलं. कुस्ती हरल्यावर बी कधी रडलं न्हवतं.

मीच बाईंना इचारलं, "चार बदाम चालतील का वो?"

"चालतील की. रोजचं खाणंच ते."

आता रोज पहाटे भिजलेलं बदाम सोलायचं, पाट्यावर वाटायचं, दुधात घालून द्यायचं. मनगाटं भरून येत्यात माझी.

"एवढंच?" म्हणत्यात.

"गप प्या," म्हणतो मी.

पेला रिकामा झाला की मिशी पुसत्यात आणि मांडीवर शड्डू ठोकत्यात. अगदी हळू. डाग उठंल म्हणून.