थेंब घातल्यानंतर

कोणाचं बोलणं संपलं की ती म्हणायची, "मग?" लिफ्टसमोर उभी राहून लोक आधी कोणतं बटण दाबतात ते बघायची आणि स्वतःचा मजला विसरायची. दुकानात हवी ती वस्तू सापडली, तरी ती नेमकी तिथेच का ठेवली असेल याचा विचार करत उभी राहायची. चहाचा कप नेहमी उजव्या हाताशी. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला लागायचा. आम्ही हसायचो. तीही हसायची.

त्या "मग?"मुळे सगळं ऑफिस तिला मगताई म्हणायचं.

आमचं ऑफिस म्हणजे रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही दुसऱ्यांसाठी ॲप आणि वेबसाइट बनवतो. कोणती माहिती कुठल्या मथळ्याखाली ठेवायची, कशानंतर काय दिसायला हवं, हे मगताई ठरवायची. मी साहित्याची पदवीधर. बटणांवरचे शब्द लिहायला मला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मी एक सुंदर वाक्य लिहिलं. तिने ते दोनदा वाचलं.

"छान आहे. पण वाचणारा माणूस उभा आहे, घाईत आहे आणि घाबरलेला आहे. आता पुढे काय करायचं, ते त्याला यातून कळेल का?"

कळणार नव्हतं. वाक्य गेलं. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

मग डोळ्यांच्या हॉस्पिटलचं काम आलं. तिथे चौकशीच्या खिडकीशी सकाळपासून झुंबड असायची. सगळ्यांचा एकच प्रश्न, माझा नंबर कधी? कित्येकांचा नंबर चुकायचा. आम्ही त्यांना ॲप करून दिलं. हॉलमध्ये नंबर दाखवणारा मोठा पडदाही लावला. केसपेपर काढायला आलेल्या लोकांच्या हातात फोन देऊन बघितलं, तर सगळ्यांना सगळं झटकन सापडलं. आमचे मालक, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं.

थोड्याच दिवसांत हॉस्पिटलचा फोन आला. खिडकीशी गर्दी वाढली होती.

"अक्षरं मोठी करा," दादा म्हणाले. आम्ही केली. गर्दी हटेना. हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरांना तिथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी निरोप पाठवला, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर तुमचं सगळं काढून टाकू.

दादांनी मगताईला समोर बसवलं. "हे तुझ्या डोक्यातून आलंय. लोक कसे फिरतात, कुठे अडतात, सगळं एकत्र बघायचं म्हणालीस. बघितलंस. आता हे पडलं ना, तर हे तुझं एकत्र बघणं बंद. परत बटणं रंगवायला बसशील."

"बसेन की," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिचा चहा तसाच राहिला.

ऑफिसात जो तो दोष शोधू लागला. कोणी रंग बदलला, कोणी माझे शब्द. कोणी म्हणालं, लोकांनाच फोन वापरता येत नाहीत. मगताई म्हणाली, "जो तो आपापला तुकडा घासून चकचकीत करतोय. दोन तुकड्यांच्या मधे काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी तिने हॉस्पिटलमध्ये स्वतःच्या नावाचा केसपेपर काढला.

"मी येऊ?" मी विचारलं.

"यायलाच हवं. मला घरी कोण आणणार?"

हे मला तेव्हा कळलं नाही.

आत नर्सबाईंनी तिच्या डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या करणारे. तपासणीआधी ते सगळ्यांनाच घालतात. काही वेळाने तिने फोन काढला, आमचं ॲप उघडलं. फोन लांब धरला. जवळ धरला. मग माझ्याकडे दिला.

"वाच."

"तुझ्यापुढे अजून बरेच आहेत."

"मला नुसता उजेड दिसतोय. आता हॉलकडे बघ."

मी बघितलं. हॉलभर माणसं हात लांब करून फोन धरून बसली होती, आरशात बघावं तशी. भिंतीवर आमचा मोठा पडदा होता. त्याकडे कोणीच बघत नव्हतं.

शेजारचे आजोबा म्हणाले, "बाई, त्या पडद्यावर तुम्हाला काही दिसतं का हो?"

"नाही हो आजोबा. आणि ते मीच केलंय."

आजोबांनी जरा विचार केला. "मग तुम्हाला तरी दिसायला हवं होतं."

ती इतकी हसली की नर्सबाई रागावल्या.

आम्ही सगळ्यांच्या हातात फोन दिला होता तो थेंब घालण्याआधी. सगळ्यांना दिसत असताना.

मगताई डोळे मिटून बोलू लागली. "दिसत नाही, म्हणून माणूस उठून खिडकीशी जातो. तेवढ्यात इकडे त्याचा नंबर येतो आणि चुकतो. त्याला शेवटी टाकतात. तोवर थेंबांचा परिणाम उतरायला लागतो. परत थेंब. परत दिसत नाही. परत खिडकी. प्रत्येक फेरीला रांग वाढते. आणि आपल्या ॲपमुळे नोंदणी झटपट होते, म्हणजे लोक इथे आणखी लवकर येऊन अडकतात."

"म्हणजे आपल्यामुळे वाढलं?"

"चाक आधीचंच होतं. आपण तेल घातलं."

तिचा नंबर आला. मी तिला हात धरून आत नेलं. तपासायला मोठ्या बाईच होत्या. मगताईने खुर्चीत बसल्या बसल्या सगळं सांगितलं. रांग नोंदणीच्या वेळेवर नको, थेंबांच्या वेळेवर लावा. खुर्च्या ओळीत मांडा. पुढचा उठला की सगळ्यांनी एकेक सरकायचं. नंबर तोंडाने पुकारा. चुकलेल्याला शेवटी टाकू नका, आला की त्यालाच लगेच पुढे घ्या.

"तुम्हाला ॲप करायला सांगितलं होतं. तुम्ही माझ्या खुर्च्या हलवताय," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही पेशंट आहात की कंत्राटदार?"

"सध्या दोन्ही."

"मग पेशंट म्हणून गप्प बसा. हनुवटी इथे."

त्या बराच वेळ डाव्या डोळ्यात बघत राहिल्या. आणखी एक तपासणी केली. मग आवाज बदलला.

"दारांना धडकता का?"

मला दाराची चौकट आठवली. आमचं हसणं आठवलं.

काचबिंदू होता. दुखत नाही, म्हणून कळत नाही. डाव्या डोळ्याची कडेची नजर हळूहळू गेली होती. गेलेली परत येणार नव्हती. उरलेली वाचवता येणार होती.

"मग?" मगताईने विचारलं.

"मग ऑपरेशन. लवकर."

"आणि खुर्च्या?"

मोठ्या बाईंनी तिचा केसपेपर मिटला. "हलवा," त्या म्हणाल्या.

बाहेर मी रडत होते. ती मलाच समजावत होती. "अगं, या कामाला आले नसते तर कळलंही नसतं. आता मला पायऱ्यांवरून उतरव, रडायचं ते खाली गेल्यावर."

मी अजून त्या दिवसातून पुरती बाहेर आलेले नाही. ती मात्र दुसऱ्या सकाळी कामावर होती. ॲपमधले विभाग आम्ही हॉस्पिटलच्या खात्यांप्रमाणे पाडले होते. तिने ते मोडले आणि माणूस कोणत्या अवस्थेत आहे, त्याप्रमाणे पाडले. मला म्हणाली, "शब्द तू दे." मी दिले. आत्ता आलो. थेंब घातले. घरी जाताना. दुसऱ्या भागात एकही अक्षर नव्हतं. फोन बोलायचा.

महिनाअखेरीला चौकशीच्या खिडकीतल्या ताईंनी सकाळचा चहा गरम असताना प्यायला. मोठ्या बाईंचा दादांना फोन आला. दोनच शब्द. "राहू दे." दादांनी पुन्हा आइस्क्रीम मागवलं. मगताईसमोर स्वतः कप ठेवला, उजव्या हाताशी.

ऑपरेशनच्या दिवशी मगताई त्याच खुर्च्यांवर बसली. एकेक सरकत पुढे गेली. कोणाला काही विचारावं लागलं नाही.

ऑपरेशन छान झालं. काल मी तिच्या घरी गेले होते. मुलगी वेळेवर औषध घालते. सासूबाई कंटाळल्यात. "हिने डबे असे लावलेत की साखर चहापत्तीशेजारी. साखर काय चहातच घालतात?" मगताई आतून म्हणाली, "तुम्ही आणखी कशाकशात घालता ते सांगा, हलवते." नवऱ्याने हात जोडले. "बघितलंस? डोळा झाकलाय. तोंड नाही."

ऑफिसात तिच्या टेबलामागच्या भिंतीवर मोठा कागद आहे. पहिले दोन रकाने भरलेत. तिसरा, "घरी जाताना". त्यात हॉस्पिटलचं दार, खाली पायऱ्या, आणि रस्त्याकडे निघालेला एक बाण. बाण मधेच थांबलाय. शेजारी तिचं अक्षर: बाहेर ऊन. डोळे उघडवत नाहीत. बरोबर कोणी नसलं तर? मग?