फाटकावरचे लाडू

माझा धाकटा भाऊ दारू सोडायला दिंडोरी रोडवरच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहतो. दर रविवारी आई आणि मी भेटायला जातो, तेव्हा फाटकाशी डबे तपासणाऱ्या मावशी बसलेल्या असतात. घरून आलेला डबा त्या नुसता बघत नाहीत, त्यातला एकेक लाडू फोडतात. "राग मानू नका हां, आयांचं मन लय मऊ राहतं," म्हणतात आणि तोच लाडू पुन्हा वळून देतात, आधीपेक्षा गोल. मला त्यांचा रागच यायचा.

मागच्या रविवारी आईच्या लाडवातून तंबाखूची पुडी निघाली. "दारू सुटेपर्यंत तेवढाच आधार," आई पुटपुटली आणि तिनं मान खाली घातली. मागे रांग होती. मावशींनी पुडी गुपचूप कमरेला खोचली, लाडू वळला आणि हळूच म्हणाल्या, "आई, तूप कमी पडलं बघा. पुढल्या खेपेला जास्त घाला, म्हणजे मला नीट वळता येतील."

आज आईनं तूप सढळ हातानं घातलं होतं. मावशींनी तरीही सगळे लाडू फोडले. आई त्यांच्या शेजारी बसली आणि वळायला लागली.