डोनाटो: व्याह्यांचं नाव नातवाला

खरं सांगते, प्रॉव्हिडन्सला मी फिरायला गेलेच नव्हते. एक नाव बदलून मिळतंय का ते बघायला गेले होते.

आमच्या इराला सातवा महिना लागलाय. पुढच्या शनिवारी डोहाळजेवण, आणि तेव्हाच ती सगळ्यांसमोर मुलाचं नाव सांगणार होती. डोनाटो. जावई मार्कच्या वडिलांचं नाव. इटालियन घरांत पहिल्या नातवाला आजोबांचं नाव देतात म्हणे. छानच, पण आजोबा चांगले ठणठणीत आहेत हो! आमच्या नागपूरच्या घरी हयात माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत, त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. इराला सांगितलं तर फोनवर उत्तर आलं, "आई, कम ऑन! इट्स अ‍ॅन ऑनर." मी फोन ठेवला, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

रविवारी सकाळी आमच्या ह्यांनी, म्हणजे श्रीकांतनं, गाडी काढली. आम्ही इथे अमेरिकेत राहतो त्या श्रूजबरीहून १४६ नंबरचा रस्ता धरला की तासाभरात प्रॉव्हिडन्स, टोल नाही. इटालियन वस्तीच्या तोंडाशी कमान आहे. तिच्यावर टांगलेल्या अननसाचा मी फोटो काढला, तो पाइनकोन, म्हणजे पाइनच्या झाडाचा शंकू, निघाला. पार्किंग मागच्या गल्लीत शोधा, मुख्य रस्त्याचा नाद सोडा. बेकरीत इथला गार पिझ्झा जरूर घ्या. चौकोनी तुकडा, वर नुसता टोमॅटो, चीज नाही, दोनेक डॉलर. श्रीकांतनं चार खाल्ले. माझ्या घशाखाली अर्धाही उतरेना.

व्याही जवळच एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी कॉफी पुढे केली आणि मी विचारूनच टाकलं, "तुमच्या नावाचा अर्थ काय हो?"

"दिलेला," ते म्हणाले. "देवानं दिलेला. मूळ लॅटिन. माझ्या आधीची दोन मुलं गेली होती, म्हणून आईला फार आवडलं. शिवाय माझ्या आजोबांचंही हेच नाव."

"अगं, म्हणजे आपला दत्तच की!" श्रीकांत मराठीत ओरडला.

मला दुसरंच हवं होतं. "आजोबा तेव्हा होते?"

"होते म्हणजे? मला सायकल त्यांनीच शिकवली. नव्वदीत गेले."

हुश्श! मी खुर्चीत मागे टेकले आणि मनातलं सगळं सांगून टाकलं. उरलेली अडचणसुद्धा. "आमच्यात मोठ्यांना नावानं हाक मारत नाहीत. उद्या पोरानं भिंत रंगवली, तर तुमचं नाव घेऊन मी ओरडू कशी?"

ते इतके हसले की कॉफी सांडली. मग डोळे पुसत म्हणाले, "आई गेल्यापासून या नावानं मला कुणी रागावलंच नाही. तुम्ही खुशाल रागवा. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकेन."

परतताना उरलेला पिझ्झा मी एकटीनं संपवला. घरी पोचल्यावर इराला फोन केला. "नाव छान आहे गं."

"फायनली, यार!" ती म्हणाली.

मग स्वयंपाकघरात उभी राहून मी सराव करून पाहिला. इराच्या लग्नानंतरच्या चार वर्षांत व्याह्यांचं नाव पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं, आणि चांगलं खणखणीत निघालं. "डोनाटो, आधी हात धुऊन ये!"

श्रीकांत मुकाट्यानं हात धुऊन आला.