कुलूप लावलेल्या दारावरची थाप
तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या या खोलीत मी गिरणीतल्या रात्रपाळीहून येऊन झोपले, की सोबत राहणारी बाई बाहेरून कुलूप लावून कामावर जाते. तो आवाज आला की मला माझ्या गावची, टेंभुर्णीतली एक दुपार आठवते. नववीतून माझी शाळा नुकतीच सुटली होती. मी तापानं फणफणले होते आणि आई बाहेरून कुलूप घालून कापूस वेचायला गेल्ती. तांब्यातलं पाणी संपलं होतं, गल्ली सामसूम होती. तेवढ्यात दार वाजलं. कुलूप दिसत असताना कोण वाजवतंय, या भीतीनं मी गोधडी डोक्यावर ओढली. मंग एक बाई बंद दाराशीच बोलायला लागली, "आत जे कोणी हाय, त्यानं ऐकावं. आमच्या देवाकडं या, तो कुणाला एकटं सोडत न्हाई." धर्माची पुस्तकं घेऊन दारोदार फिरणाऱ्यांतली होती ती. मी गोधडीतून हललेच नाही, पण ती थांबेच ना. शेवटी सरपटत दाराशी जाऊन विचारलं, "मावशी, कुलपाला काय सांगून राह्यल्या?" मंग ती म्हणाली, "एकदा कुलूप पाहून परत फिरले, माय. आत एक म्हातारी होती. तिसऱ्या दिवशी गावानं दार तोडलं, तवा ती गेलेली होती. तवापासून एकबी दार सोडत न्हाई." पाणी संपल्याचं सांगितल्यावर तिनं खिडकीच्या गजातून स्वतःची बाटली आत दिली. तिचं पुस्तक मी घेतलं नाही, पाणी मात्र सगळं प्याले. आज दुपारी इथल्या कुलूपबंद दारावर थाप पडली. बाहेरची भाषा कळेना. भीती वाटत होती, तरी उठून दाराजवळ गेले आणि आपल्या मराठीतच म्हणाले, "हाय, मी आत हाय."