फडक्याची ऊब

आमच्या वहिनीच्या पायाला भिंगरी आहे. इस्त्रीच्या दुकानात गठ्ठ्यामागून गठ्ठा संपवते, पण जरा टेक म्हटलं की तिला शिक्षा दिल्यासारखं वाटतं. मी तिची नणंद, दुकानात घड्या घालते, त्यामुळे ही धावपळ रोज बघते आणि रोज बडबडते.

बिट्टी तिची मुलगी, चौदा वर्षांची. काही महिन्यांपासून सकाळी उठली की तिची बोटं वळेनात, गुडघे आखडलेले. दुपारी मात्र चालतीफिरती. मग काय, सगळ्यांना आयतंच कारण सापडलं. खेळाचे सर म्हणाले, पळायचा कंटाळा. माझा भाऊ म्हणाला, परीक्षा जवळ आली ना! दोन डॉक्टर झाले, दोघांनीही वाढतं वय म्हणून गोळ्या देऊन वाटेला लावलं. वहिनी सगळ्यांशी भांडायची, पण एकदा चिडून तिनेच पोरीला विचारलं, खरं सांग, दुखतं का नक्की? तेव्हापासून बिट्टीने दुखतं म्हणणंच सोडलं. मला ते बघवेना.

वहिनीचा उपाय ठरलेला. सकाळी इस्त्री तापवायची, तिच्यावर फडकं गरम करायचं आणि पोरीची मनगटं, गुडघे शेकायचे. दवाखान्यात जायचं असलं की जरा जास्तच. आखडलेली पोर चारचौघांतून न्यायची कशी, हे तिचं म्हणणं. सांधे मोकळे झाले की मगच दोघी निघायच्या.

तिसऱ्या डॉक्टरीणबाई सांध्यांच्या. त्यांनी सकाळी कशी असते ते विचारलं, तर वहिनीने मोठ्या कौतुकाने शेकण्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, उद्या उठली की तशीच आणा, अजिबात शेकू नका.

दुसऱ्या दिवशी बिट्टी पलंगाच्या कडेला ओठ चावत बसली होती, दात घासायला ब्रशसुद्धा धरता येईना. वहिनी घरभर येरझाऱ्या घालत होती. शेवटी तिने इस्त्री लावलीच. मी वायर उपटली. म्हटलं, बाई गं, आजच्या दिवस तुझी माया आवर. ती माझ्या अंगावर धावून आली, मग तशीच टॅक्सी बघायला पळाली.

या वेळी मीही सोबत गेले. दवाखान्यात बाईंनी बिट्टीला स्वेटरचं बटण काढायला सांगितलं. बोटं नुसती चाचपडत राहिली. वहिनीचा हात आपोआप पुढे गेला.

"आई, राहू दे," बिट्टी म्हणाली. "बघू दे त्यांना."

बाईंनी मनगट दाबलं तशी पोर कळवळली. मग त्यांनी वहिनीचा हात धरून त्या मनगटावर ठेवला. रोज सकाळी ते गरम लागायचं, पण वहिनीला वाटायचं, फडक्याची ऊब असेल. आज फडकं नव्हतं.

सांध्यांना सूज आहे, या वयातही होते, तपासण्या करू, औषधं आहेत, असं बाई सांगत होत्या. वहिनीला त्यातलं काही ऐकू जात होतं असं मला वाटत नाही.

"गरम आहे गं," ती पोरीला म्हणाली. "तुझं तुझंच गरम आहे."